हिरवा चहा आणि जपानी चहादाणी

कुंभिवलीत काय किंवा कर्जत-खोपोलीत काय, चहा करायचा म्हणजे पाण्याला आधण आणायचे, त्यात साखर आणि चहाची भुकटी टाकायची, परसातल्या गवती चहाची दोन पाती आणि आल्याचा तुकडा घालायचा, दूध ओतायचे आणि चांगली उकळी फुटू द्यायची. ही पद्धत आपल्या हाताला इतकी बसली आहे, की हिरव्या चहाचा डबा घरात आला तरी तोही आपण त्याच पातेल्यात उकळतो. त्याचा कडू, तुरट, पिवळट काढा तयार होतो. एक-दोन दिवस नाक मुरडत तो प्यायला जातो आणि मग डबा फडताळात मागे सरकतो. ‘तब्येतीला चांगले म्हणजे कडू असणारच’ अशी मनाची समजूतही घातली जाते.

हा कडूपणा बऱ्याच अंशी आपल्या पद्धतीतून आलेला असतो. जपानमध्ये हिरवा चहा करण्यासाठी ‘क्यूसू’ नावाची लहानशी चहादाणी वापरतात. तिचे झाकण, गाळणी, दांडा आणि तोटी नीट पाहिली, तर प्रत्येक भागामागे शाळेत शिकवले जाणारे एखादे तत्त्व दिसते. ही तत्त्वे समजली, की चहादाणी कशी निवडावी ते कळते आणि ती नसेल तर घरातल्या भांड्यांवर कसे भागवावे तेही कळते.

एकच झाड, दोन चहा

नेहमीचा काळा चहा आणि हिरवा चहा ही दोन झाडे नव्हेत. दोन्ही ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच वनस्पतीच्या कोवळ्या पानांपासून होतात. युरोपात मात्र ही दोन वेगळी झाडे असावीत असा समज बराच काळ होता. १८४०च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतितज्ज्ञाने चीनमध्ये फिरून तो दूर केला. आपला गवती चहा मात्र अगदीच वेगळा. ते एक गवत आहे आणि त्याला लिंबासारखा वास सिट्राल या द्रव्यामुळे येतो.

मग फरक पडतो तो कुठे? वांगे चिरून ठेवले किंवा सफरचंद कापून ठेवले तर ते काळपट पडते. पेशी फुटल्या, की त्यांतील पॉलिफिनॉल नावाची द्रव्ये आणि एक विकर एकत्र येतात आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण सुरू होते. काळ्या चहात हेच मुद्दाम घडवून आणतात. हिरव्या चहात ते होऊ देत नाहीत. जपानमध्ये पाने खुडल्यावर लवकरच त्यांना अर्धा ते दोन मिनिटे वाफ देतात, त्यामुळे विकर निकामी होते. चीनमध्ये हेच काम बहुधा तापलेल्या कढईत पाने परतून करतात. पुढे पाने वळून वाळवली, की हिरवा चहा तयार.

विकराला काम करू न दिल्यामुळे हिरव्या पानात ‘कॅटेचिन’ जातीची पॉलिफिनॉल द्रव्ये जवळजवळ जशीच्या तशी राहतात. कोरड्या पानाच्या वजनाचा सुमारे पाव ते एक तृतीयांश भाग पॉलिफिनॉलचाच असतो. तुरटपणा आणि बराचसा कडवटपणा यांतूनच येतो. उरलेला कडवटपणा कॅफीनचा. यांच्या जोडीला ‘थिअनीन’ नावाचे एक अमिनो आम्लही पानात असते. जपानी संशोधकांनी ते १९४९ साली चहातून वेगळे केले. त्याची चव गोडसर आणि भरीव असते.

आपली रोजची भुकटी बनते ती पाने चुरडून, फाडून आणि गोळ्या वळून. सीटीसी या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र १९३० साली आसाममध्ये आले. कमी वेळात गडद रंग आणि कडक चव देणे हेच या दाण्यांचे काम. शिवाय दुधातील केसिन हे प्रथिन पॉलिफिनॉलला बांधून ठेवते, त्यामुळे उकळलेल्या चहाचा तुरटपणा दुधाने सौम्य होतो. म्हणजे उकळण्याची आपली पद्धत त्या भुकटीसाठी अगदी योग्यच आहे. बिनदुधाच्या हिरव्या पानासाठी मात्र ती चालत नाही.

पाणी किती गरम?

पाण्यात उतरण्याच्या बाबतीत वर सांगितलेली तीन द्रव्ये सारखी वागत नाहीत. थिअनीन कोमट पाण्यातही सहज उतरते. कॅटेचिन आणि कॅफीन उतरण्याचा वेग मात्र तापमानाबरोबर चांगलाच वाढतो. उकळत्या पाण्यात सगळेच भराभर बाहेर येते आणि कडूतुरट चव वरचढ होते. पाणी ७०-८० अंश सेल्सिअस ठेवले, तर थिअनीनची गोडी पुढे येते आणि तुरटपणा बेताचा राहतो.

जपानमध्ये रोज प्यायल्या जाणाऱ्या ‘सेंचा’ या प्रकारासाठी म्हणून ७०-८० अंशांचे पाणी आणि सुमारे एक मिनिट हे प्रमाण ठरले. ‘ग्योकुरो’ हा महागडा प्रकार खुडण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे सावलीत वाढवतात. सावलीत थिअनीनचे कॅटेचिनमध्ये रूपांतर कमी होते. त्याच्यासाठी ५०-६० अंशांचे पाणी आणि दोन-अडीच मिनिटे लागतात. उलट ‘होजिचा’ हा भाजलेला चहा उकळत्या पाण्यातच चांगला लागतो. तेव्हा ‘हिरव्या चहाला अमुक इतकेच तापमान’ असा सरसकट नियम नाही.

आता आपल्या परिसराकडे पाहू. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशाने उतरतो. पायथ्याच्या सखल भागात, कुंभिवलीसारख्या गावी, पाणी जवळजवळ १०० अंशांना उकळते. घाट चढून सुमारे ६०० मीटरवरच्या खंडाळ्याला गेलो तर सुमारे ९८ अंशांना आणि ८०० मीटरवरच्या माथेरानला ९७ अंशांच्या थोडे वर. उंचीचा फायदा मिळतो, पण तो पुरेसा नाही. माथेरानलाही हिरव्या चहासाठी पाणी थंड करावेच लागते.

दोनदा ओतले, की ७५ अंश

तापमापीशिवाय हे साधायचे कसे? जपानी घरांत एक सोपा ठोकताळा आहे. पाणी एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतले, की सुमारे १० अंशांनी उतरते. हा ठोकताळा खरा आहे का, ते नववी-दहावीच्या उष्मा-विनिमयाच्या गणिताने तपासू या.

समजा, विस्तवावरून उतरवून ओतेपर्यंत पाणी ९६ अंशांवर आले आहे. ते १०० ग्रॅम आहे. चिनीमातीच्या कपाचे वजन १०० ग्रॅम आणि तापमान २८ अंश आहे. चिनीमातीची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या सुमारे एक पंचमांश, म्हणजे ०.२ कॅलरी. तेव्हा उष्मा घेण्याच्या दृष्टीने हा कप २० ग्रॅम पाण्याइतका झाला.

अंतिम तापमान = (१०० × ९६ + २० × २८) ÷ १२० = सुमारे ८५ अंश.

हेच पाणी तशाच दुसऱ्या थंड कपात ओतले, तर (१०० × ८५ + २० × २८) ÷ १२० = सुमारे ७५ अंश. दोनदा ओतले आणि सेंचाला हवे ते तापमान मिळाले! प्रत्यक्षात ओतताना बाष्पीभवन होते, हवेलाही थोडी उष्णता जाते, कपाची बाहेरची बाजू तापायला वेळ लागतो. त्यामुळे आकडा दोन-चार अंश इकडेतिकडे होईल, पण ठोकताळा विश्वासार्ह आहे.

चिनीमातीऐवजी ६० ग्रॅमची स्टीलची पेली घेतली तर? स्टीलची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.१२ कॅलरी, म्हणजे पेली जेमतेम ७ ग्रॅम पाण्याइतकी. पाणी सुमारे ९२ अंशांवरच राहील आणि बोटे मात्र पोळतील, कारण स्टीलची उष्णतावाहकता चिनीमातीहून बरीच जास्त आहे. बशीत चहा ओतून पिणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना या विषयातली दुसरी युक्ती माहीत होती. बशीत पृष्ठभाग वाढतो, बाष्पीभवन वाढते आणि चहा झटकन निवतो.

क्यूसूची जडणघडण

जपानमध्ये पूर्वी मुख्यतः चहाची बारीक पूड पाण्यात घुसळून पीत. तिला चहादाणी लागत नाही. १७३८ साली उजी परिसरातील नागातानी सोएन याने वाफवून वळलेल्या पानांची नवी पद्धत रूढ केली आणि पाने भिजवून पाणी गाळून घेणाऱ्या भांड्याची गरज वाढली. चीनमधील यीशिंग येथील बिनझिलईच्या लहान चहादाण्यांचा आदर्श समोर होताच. एकोणिसाव्या शतकात आइची प्रांतातील तोकोनामे येथे तांबड्या मातीच्या क्यूसू घडू लागल्या. त्या आजही प्रसिद्ध आहेत. माती तांबडी दिसते ती लोहाच्या ऑक्साइडमुळे. आपली मंगलोरी कौले तांबडी असतात त्याचे कारणही हेच. मिए प्रांतातील योक्काइची येथील जांभळट-तपकिरी ‘बांको’ भांडीही नावाजलेली आहेत.

अशी चहादाणी निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

आकार : दोघा-तिघांसाठी २०० ते ३५० मिलिलिटर पुरे. आपल्याला किटली म्हणजे लिटरभराची हे माहीत असते. पण मोठ्या चहादाणीत थोडेच पाणी घातले तर ते वाजवीपेक्षा जास्त निवते आणि पूर्ण भरले तर उरलेला चहा पानांवर पडून कडू होतो. एका वेळी सगळा ओतून संपेल एवढीच चहादाणी घ्यावी.

झाकण : झाकणाला बारीक भोक असते. ते वाफ जाण्यासाठी आहे असे अनेकांना वाटते. त्याचे मुख्य काम हवा आत घेणे हे आहे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात येते, दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते, तसेच हे. खरेदीच्या वेळी पाणी भरून ओतताना ते भोक बोटाने बंद करावे. धार थांबली, तर झाकण घट्ट बसते आहे असे समजावे.

गाळणी : तोटीच्या मुळाशी आतून मातीचीच बारीक छिद्रे असतात किंवा स्टीलची जाळी बसवलेली असते. अखंड, वळलेल्या पानांना मातीची छिद्रे उत्तम. जास्त वेळ वाफवलेल्या ‘फुकामुशी’ प्रकारात पाने चुरतात, त्याला बारीक जाळीच हवी. गाळणीचे क्षेत्रफळ जितके जास्त, तितकी ती तुंबण्याची शक्यता कमी. पानांना फुलायला जागा मिळावी म्हणून आत लोंबणाऱ्या इवल्याशा टोपलीपेक्षा भिंतीलगतची जाळी बरी.

दांडा : क्यूसूचा पोकळ दांडा बहुधा तोटीशी जवळजवळ काटकोनात, बाजूला असतो. कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट फिरवले, की चहा ओतला जातो आणि त्याच हाताचा अंगठा झाकण धरून ठेवतो. दांडा पोकळ असल्याने उष्णता हातापर्यंत कमी पोचते. बहुतेक क्यूसू उजव्या हातासाठी असतात. डावखुऱ्यांनी उलट्या बाजूची मागून घ्यावी किंवा मागे कान असलेली घ्यावी.

तोटी : ओतणे थांबवताना थेंब तोटीखालून ओघळतात, हा अनुभव सर्वांचा आहे. वेग कमी झाला की द्रव तोटीच्या ओल्या ओठाला चिकटून वळतो. याला १९५६ साली मार्कुस रायनर यांनी ‘चहादाणी परिणाम’ असे नाव दिले. न गळणाऱ्या तोटीच्या गणितासाठी जोसेफ केलर आणि जाँ-मार्क व्हँडन-ब्रोक यांना १९९९ सालचे गमतीदार ‘इग नोबेल’ पारितोषिकही मिळाले. २०२१ साली व्हिएन्नातील संशोधकांनी जडत्व, केशिकाबल आणि श्यानता यांचा एकत्र विचार करून याचा आणखी सविस्तर सिद्धांत मांडला. आपल्यापुरता सारांश असा, की ओठाची कड धारदार असलेली तोटी कमी गळते, गोलसर जाड ओठाची जास्त गळते. दुकानात पाणी ओतून पाहणे हीच याची खरी परीक्षा.

माती, झिलई आणि लोखंड

‘बिनझिलईची मातीची चहादाणी’ म्हटले, की माठ डोळ्यांसमोर येतो. दोन्ही मातीचेच, पण भाजणीत फरक आहे. माठ कमी तापमानाला भाजतात, त्यामुळे तो सच्छिद्र राहतो, पाणी झिरपते आणि बाष्पीभवनाने गार होते. क्यूसू सुमारे ११०० अंशांवर किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजतात. मातीतील काही घटक वितळून काचेसारखे होतात, छिद्रे बुजतात आणि झिलई नसतानाही पाणी झिरपत नाही. आपल्याकडेही उच्च तापमानाची अश्मपात्रे घडतात. भाईंदरचे कलाकुंभार ब्रह्मदेव राम पंडित यांना या कामासाठी २०१३ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा जपानी शिक्का नसला तरी चांगली भाजलेली देशी चहादाणी चालू शकते. मात्र शोभेच्या भांड्यांवरील कमी तापमानाच्या चकचकीत झिलईत शिशाची संयुगे असू शकतात. अशी भांडी पेयांसाठी वापरू नयेत.

एकाच कुटुंबात नाना प्रकारचे चहा होत असतील, तर आतून झिलई असलेली किंवा चिनीमातीची चहादाणी सोयीची, कारण ती वास धरत नाही. बिनझिलईची चहादाणी साबणाने न धुता नुसत्या गरम पाण्याने विसळावी आणि झाकण काढून वाळवावी. कोकणच्या पावसाळ्यात तर हे फारच आवश्यक. ओला चोथा रात्रभर आत राहिला, की बुरशी धरलीच. चहाची पानेही हवाबंद डब्यात ठेवावीत.

जपानी लोखंडी भांडी पाहून फसू नये. ‘तेत्सुबिन’ ही पाणी उकळण्याची लोखंडी किटली आहे. बाजारात मिळणाऱ्या लहान लोखंडी चहादाण्यांना आतून इनॅमलचा थर असतो. त्या विस्तवावर ठेवू नयेत, थर तडकतो. हा थर कशासाठी, ते एका प्रयोगाने कळेल. हिराकस पाण्यात विरघळवून त्याचे दोन-तीन थेंब परीक्षानळीतील हिरव्या चहात टाका. चहा काळसर होईल. सह्याद्रीतला हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करत, त्यातलीच ही क्रिया. हा चहा अर्थातच कोणी पिऊ नये.

हीच क्रिया आपल्या आरोग्याशी जोडलेली आहे. चहातील पॉलिफिनॉल द्रव्ये भाकरी, डाळ, पालेभाज्या यांतील लोहाला अशीच बांधून ठेवतात आणि ते शरीरात कमी शोषले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्यांच्या जेवणात लोह येते ते बहुतांशी वनस्पतींतूनच, त्यांनी चहा जेवणाबरोबर न घेता त्यापासून तासभर दूर ठेवावा. काळा असो वा हिरवा, नियम एकच. हिरव्या चहाने वजन झपाट्याने उतरते या जाहिरातींवरही विसंबू नये. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात हा परिणाम नगण्य असल्याचे दिसले.

प्रत्यक्ष कृती

दोन कप सेंचासाठी :

१. पाणी उकळून उतरवावे आणि सुमारे २०० मिलिलिटर रिकाम्या चहादाणीत ओतावे. पाणी पहिल्यांदा निवते आणि चहादाणी तापते.

२. तेच पाणी दोन कपांत ओतावे. पाणी दुसऱ्यांदा निवते, कपही तापतात आणि माप आपोआप होते.

३. चहादाणीत सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे पाने घालावीत आणि कपांतील पाणी परत त्यात ओतावे. चहादाणी आधीच तापलेली असल्याने आता तापमान फारसे उतरत नाही.

४. झाकण ठेवून एक मिनिट थांबावे. हलवू नये.

५. दोन्ही कपांत थोडे थोडे, आलटून पालटून ओतावे. सुरुवातीची धार फिकी आणि शेवटची दाट असते, असे केल्याने दोन्ही कप सारखे होतात. शेवटचा थेंबही निथळू द्यावा. आत पाणी राहिले, तर द्रव्ये उतरतच राहतात आणि दुसरा घाणा कडू होतो.

६. झाकण थोडे कलते ठेवावे, म्हणजे पाने वाफेत शिजत नाहीत. दुसऱ्या वेळी पाणी किंचित जास्त गरम घ्यावे, पण १५-२० सेकंदच ठेवावे. पाने आता फुललेली असतात.

चहादाणी नसेल, तर झाकणाचे लहान चिनीमातीचे भांडे, दोन कप आणि बारीक गाळणे पुरते. पुडीतल्या चहाचा चुरा बारीक असतो. त्याचे एकूण पृष्ठफळ जास्त, त्यामुळे तो लवकर उतरतो. पुडी मिनिटभरात काढून टाकावी.

वर्गात करून पाहा

तांबड्या मातीच्या चहादाणीत चहा जास्त गोड लागतो, असे अनेक जण खात्रीने सांगतात. हे तपासण्याची रीत सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवली आहे आणि योगायोगाने तिथेही उदाहरण चहाचेच आहे. एकाच तापमानाच्या पाण्याने, सारख्या वजनाच्या पानांचा, सारखाच वेळ ठेवलेला चहा दोन चहादाण्यांत करावा. आठ सारखे कप घेऊन चारांत एक, चारांत दुसरा ओतावा. चव घेणाऱ्याला चार-चारच्या गटांची कल्पना द्यावी, क्रम सांगू नये. आठांतून चार कप निवडण्याच्या ७० तऱ्हा आहेत. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. चारांपैकी तीन किंवा चारही बरोबर येण्याची शक्यता मात्र ७० मध्ये १७, जवळजवळ पाव. म्हणून ‘तीन ओळखले’ एवढ्यावर मातीचा गुण सिद्ध होत नाही.

हाच प्रयोग आधी ७५ आणि ९५ अंशांच्या पाण्याने केलेल्या चहावर करावा. भांड्यापेक्षा तापमानाचा फरक ओळखणे किती सोपे जाते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या जिभेने कळेल. ओतण्याच्या गणिताचा पडताळा वेगळ्या पाण्यावर, अल्कोहोलच्या तापमापीने घ्यावा. पाऱ्याची तापमापी पिण्याच्या पाण्यात घालू नये. कपाचे वजन, खोलीचे तापमान आणि प्रत्येक ओतण्यानंतरचे तापमान यांचा तक्ता मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा करून फळ्यावर शेजारी शेजारी लिहावा. २८ अंशांऐवजी कप ३५ किंवा १८ अंशांवर असेल तर उत्तर किती बदलते, हे गणिताने आधी काढून घ्यावे आणि मग मोजून पाहावे.